तिनावर

मानेच्या मणक्याला मार बसलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं तर किमान चार माणसं लागतात. एकाने डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदे, कंबर आणि पाय. मान आणि धड एका रेषेत राहिलं पाहिजे, जराही पिळ पडता कामा नये. मोजणी डोकं धरणाऱ्याची, आणि सगळ्यांनी हलायचं ते तिनावर. पाठ तपासायची, पुसायची असली की पाचवं माणूस हवं. आमच्या वॉर्डात डोकं नेहमी मीच धरायचे. सीनियर म्हणून तर खरंच, पण मोजणी करायला मला आवडायचंही.

ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, त्याआधी तीन आठवडे माझं आणि एका सहकारी सिस्टरचं कामापुरतं बोलणं होतं. आम्ही दोघी एकाच मंडळीतल्या, म्हणजे एकाच चर्चच्या. एरवी ती मला ताई म्हणायची, त्या तीन आठवड्यांत मी नुसती ‘सिस्टर’ झाले होते. कारण म्हणाल तर माझा चांगुलपणा. तिची आठवडाभराची नाइट मी स्वतःवर घेतली होती आणि तिला दिवसाची ड्युटी लावली होती. रविवारी उपासनेला येता यावं, रात्रीची झोप मिळावी, हा माझा विचार. तिला विचारायचं मात्र राहून गेलं. नाइट तिने मुद्दाम मागून घेतली होती, कारण आईला डायलिसिससाठी दिवसा न्यावं लागे. लिस्ट लागली तेव्हा बदलायला उशीर झाला होता. त्यात भर म्हणजे प्रार्थनासभेत साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायच्या वेळी, मी हे सगळं उभं राहून सांगितलं. नाव घेतलं नाही, पण न कळण्याएवढी आमची मंडळी मोठी नाही. तिने नंतर मला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले आणि मी दुखावले. एवढं केलं त्याची जाण नाही, असंच मनात.

तर त्या दिवशी दुपारची ड्युटी सुरू होत होती. एक सिस्टर रजेवर, एक पेशंटला घेऊन स्कॅनला गेलेली. मानेला कॉलर असलेल्या पेशंटला वळवायची वेळ झाली होती. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला बेडसोर होतात. त्यातच त्याला अंथरुणात शौचाला झालं. मी, दोन वॉर्डबॉय आणि मावशी मिळून चौघं झालो. पाचवं माणूस नव्हतं.

ती निघाली होती. कपडे बदललेले, पर्स खांद्याला. मी हाक मारली नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण पाचवं माणूस दारात उभं असताना मी स्कॅनला गेलेल्या सिस्टरची वाट बघायचं मनाशी ठरवत होते. मावशींनी मात्र खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, “तुमचं दोघींचं मिटेपर्यंत याने असंच पडून राहायचं का?”

तिने पर्स खुंटीला अडकवली, अंगातल्या कपड्यांवरच प्लॅस्टिकचा एप्रन चढवला, हातमोजे घातले आणि पाठीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. म्हणजे साफ करायच्या जागी. मी मोजलं, आम्ही वळवलं.

डोकं धरणाऱ्याला मग हलता येत नाही. दोन्ही हातांत पेशंटचं डोकं, नजर त्याच्या चेहऱ्यावर. त्याने डोळे मिटून घेतले होते, पापण्या थरथरत होत्या. पलीकडे ती काय करते ते मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. “आता गार लागेल हं. झालंच. पुन्हा एकदा पुसते.” घाई अजिबात नाही. मग म्हणाली, “माकडहाडाजवळ लाली आहे. दाबून बघितली, जात नाही.” बोटाने दाबल्यावर लाली फिकी झाली नाही तर ती बेडसोरची सुरुवात. सकाळी पाठ मी पाहिली होती. निदान पाहिली असं लिहिलं तरी होतं.

पेशंट डोळे मिटूनच म्हणाला, “तुमची सुटी झाली होती ना? माझ्यामुळे थांबावं लागलं.”

हात धुताना बेसिनपाशी मी आभार मानायला गेले. ती म्हणाली, “सिस्टर, तुम्ही सगळ्यांसाठी करता. तुमच्यासाठी कोणी काही केलेलं मात्र तुम्हाला चालत नाही. मग समोरच्याने कायम ऋणातच राहायचं का?” आणि पर्स घेऊन गेली.

रात्री मी बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र उघडलं, प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं. दुसरा अध्याय मला तोंडपाठ. एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानावं, दुसऱ्याचंही हित पाहावं, यावर मी अभ्यासवर्गही घेतले आहेत. चौथ्या अध्यायातल्या युवदीया आणि सुंतुखे मात्र दरवेळी पटकन ओलांडायचे. एकाच मंडळीतल्या, सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या दोघी, आणि त्यांचं जमेना. भांडण कशावरून, चूक कोणाची, हे पौल सांगत नाही. विनंती मात्र प्रत्येकीला वेगवेगळी करतो आणि तिसऱ्या कोणाला तरी त्यांना मदत करायला सांगतो. ते पत्र मंडळीपुढे मोठ्याने वाचलं गेलं असणार. त्या दोघी तिथे बसल्या असतील तर कुठे बघत असतील, हा विचार मला त्या रात्री पहिल्यांदा आला. हे पत्र लिहिताना पौल तुरुंगात होता. त्याच फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने पूर्वी एका रात्री त्याच्या आणि त्याचा सोबती सीला याच्या जखमा धुतल्या होत्या. नर्स असल्यामुळे बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला तो प्रसंग मला फार आवडतो. पण जखमा धुऊ देणं हेही एक काम आहे, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी बसून राहिले. (इथे मात्र सगळं लिहिते आहे, म्हणजे खोड अजून गेलेली नाही.)

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, आमची दोघींची ड्युटी एकत्र आली. वळवायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, “आज डोकं तू धर.” तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पलंगाच्या उशाशी गेली. मी कंबरेपाशी उभी राहिले. तिची मोजणी माझ्यापेक्षा संथ. एक. मग पेशंटच्या डोळ्यांत बघून, दोन. माझ्या हातांनी सवयीने ओढ घेतली.

“थांबा,” ती म्हणाली. “मी अजून तीन म्हटलेलं नाही.”