डेनालीवर राहायला शिकताना

डेनालीवर शेर्पा नसतात, याक नसतात, खेचरंही नसतात. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "अगं, मग सामान कोण नेतं?" आपणच नेतो. तीन आठवड्यांचं खाणं, इंधन, तंबू, फावडी, दोर, सगळंच. प्रत्येकाच्या पाठीवर वीस-पंचवीस किलोची सॅक आणि कमरेला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या स्लेजवर जवळपास तेवढंच ओझं. गाईड बरोबर असतात, पण तुमचं ओझं उचलायला नव्हे. आमच्या तिन्ही गाईडच्या स्लेज आमच्याहून जड होत्या.

अलास्कातलं हे शिखर ६१९० मीटर उंच आहे, उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने त्याचं अधिकृत नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली केलं. मी मात्र डेनालीच म्हणणार, कारण तिथल्या कोयुकॉन लोकांचं नाव तेच आहे. हिमालयाची सवय असलेल्यांना हा आकडा लहान वाटतो. मलाही घरून हेच ऐकावं लागलं, "आपल्याकडे तर सात हजारी शिखरं पडली आहेत." पण इथला बेस कॅम्पच २२०० मीटरवर आहे. तिथून माथ्यापर्यंत चार हजार मीटर चढायचं, तेही जवळजवळ सगळं बर्फावरून. शिवाय डेनाली ६३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुवांकडे वातावरणाचा थर पातळ होत जातो, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या हिमालयातल्या शिखरापेक्षा इथे हवेचा दाब कमी असतो. शरीराला उंची जास्त जाणवते. आणि थंडीबद्दल तर बोलायलाच नको; जूनमध्येसुद्धा वरच्या कॅम्पवर पारा उणे तिशीपर्यंत उतरतो.

मी मूळची पुण्याची, आता सिएटलमध्ये राहते. सह्याद्रीत पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन सिंहगड चढण्याची सवय होती, तिचाच विस्तार केला. हिवाळाभर सिएटलजवळच्या रेनियर शिखरावरच्या कॅम्प म्युरपर्यंत वजन घेऊन चढत होते आणि घराजवळच्या मैदानावर कमरेला दोरी बांधून ट्रकचा टायर ओढत होते. टायर ओढण्याचा व्यायाम डेनालीला जाणाऱ्या प्रत्येकाने करावा. स्लेज ओढताना कंबर आणि मांड्या ज्या तऱ्हेने दुखतात ती तऱ्हा दुसऱ्या कुठल्या व्यायामात सापडत नाही. नोंदणी किमान साठ दिवस आधी करावी लागते, आणि गाईड घेऊन जायचं असेल तर नॅशनल पार्कने परवाना दिलेल्या मोजक्या कंपन्यांपैकीच एकीबरोबर. आमच्या गटात नऊ जण आणि तीन गाईड होते. मुख्य गाईड चाळिशीची बाई होती, पहिल्याच दिवशी आवडावी अशी. तिने हँगरमध्ये प्रत्येकाच्या सामानातली एकेक वस्तू जमिनीवर मांडायला लावली आणि निम्मे कपडे परत पाठवले. दाट पिसांचं जाड जॅकेट, आतून वेगळा निघणारा बूट, उणे चाळीसची स्लीपिंग बॅग, यांवर तडजोड नाही. बाकी सगळ्यावर तडजोड.

मोहिमा जिथून निघतात ते टॉकीटना गाव छोटंसं आहे. तिथलं रेंजर स्टेशन वॉल्टर हार्परच्या नावाने आहे, आणि ते मला मनापासून पटलं. ७ जून १९१३ रोजी या शिखरावर सर्वांत आधी पाय ठेवला तो हार्परने. त्याची आई कोयुकॉन होती. मोहिमा बहुधा नेत्यांच्या नावाने ओळखल्या जातात; इथे निदान पाटीवर तरी पहिल्या पावलाचा मान आहे. स्टेशनात रेंजर तासभर माहिती देतात आणि शेवटी हिरवे प्लॅस्टिकचे डबे हातात ठेवतात. हा तुमचा संडास. डोंगर स्वच्छ राहावा म्हणून आपली विष्ठा त्यात भरून स्लेजवरून खाली आणायची. ऐकताना काहींनी तोंड वाकडं केलं होतं. मला ती व्यवस्था फार आवडली. डोंगरावर प्रेम आहे म्हणायचं आणि घाण तिथेच टाकून यायचं, हे मी आपल्याकडच्या गडांवर बघत आले आहे.

स्की लावलेल्या छोट्या विमानाने कहिल्टना हिमनदीवर उतरलो. विमान परत गेलं आणि लगेच फावडी बाहेर निघाली. परतीसाठी थोडं खाणं आणि इंधन तिथेच पुरून ठेवायचं असतं, कारण खाली आल्यावर हवा बिघडली तर विमान दिवसेंदिवस येत नाही. मग रात्री चालायला लागलो. जूनमध्ये तिथे अंधार पडतच नाही, फक्त थंडी वाढते आणि हिमभेगांवरचे बर्फाचे पूल घट्ट होतात. दिवसा उन्हाने ते मऊ पडतात.

एका दोरावर चौघं, दोघांमध्ये बरंच अंतर, मागे स्लेज. स्लेजसुद्धा दोराला अडकवलेली असते. माणूस हिमभेगेत पडला तर त्याच्यामागून स्लेज त्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. जपानचा नाओमी उएमुरा १९८४ च्या फेब्रुवारीत इथे एकटाच आला होता. हिमभेगेत पडलोच तर अडकून राहावं म्हणून त्याने अंगाला लांब बांबू बांधले होते. हिवाळ्यात एकट्याने डेनाली चढणारा तो पहिला, पण उतरताना नाहीसा झाला. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. रात्रीच्या त्या निळ्या उजेडात दोराच्या पुढच्या टोकाला एक माणूस आणि मागच्या टोकाला एक माणूस आहे, याचं मोल मला तेव्हा कळलं. दोर जमिनीवर लोळू द्यायचा नाही, ताणूही द्यायचा नाही. म्हणजे तुमचा वेग तुमचा राहत नाही. जॅकेट काढायचंय, पाणी प्यायचंय, लघवीला थांबायचंय, सगळं चौघांचं एकत्र. तासाभराने दहा मिनिटांचा थांबा, त्यात खाणं, पिणं, सनस्क्रीन, सगळं उरकायचं.

वर सरकण्याची रीत अशी: अर्धं सामान घेऊन पुढच्या कॅम्पच्या जवळ जायचं, ते बर्फात पुरायचं, झोपायला खाली परत यायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं घेऊन वर जायचं. म्हणजे बराचसा डोंगर दोनदा चढला जातो. शरीराला विरळ हवेची सवय होण्यासाठी हेच हवं असतं. पुरायचं म्हणजे चांगलं मीटरभर खोल, कारण डोमकावळे उकरून काढतात. वर बांबूच्या काठ्या रोवायच्या. ३३५० मीटरच्या कॅम्पवरून निघून मोटरसायकल हिल, स्क्विरल हिल आणि वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध विंडी कॉर्नर पार करत आम्ही असंच सामान हलवत राहिलो.

वाचून चालण्याचंच चित्र उभं राहील, पण तिथला बराच वेळ चालण्यात जात नाही. कॅम्पवर पोहोचलं की घामाने ओलं अंग गारठायच्या आत जाड जॅकेट घालायचं, मग जागा तुडवून सपाट करायची, करवतीने बर्फाच्या विटा कापायच्या आणि तंबूभोवती छातीइतकी भिंत रचायची. स्वयंपाकाच्या तंबूसाठी खड्डा खणायचा, त्यात बर्फाचेच बाक कोरायचे. मग स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवत बसायचं. माणशी चार-पाच लिटर पाणी रोज लागतं, तेही बर्फातूनच काढायचं. झोपताना बुटांचे आतले मोजे, हातमोजे, बॅटऱ्या, पाण्याची बाटली, सनस्क्रीनची ट्यूब, सगळं स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचं, नाहीतर सकाळी दगड झालेलं असतं. बायकांसाठी स्पष्टच सांगते: लघवीसाठी फनेल आणि रुंद तोंडाची बाटली घ्या, आणि घरी सराव करून या. वादळात तंबूबाहेर जाणं टळतं. या बाबतीत कुणी नीट सांगत नाही आणि मग बायका पाणी कमी पितात. विरळ हवेत ते घातक आहे.

खाण्याचंही तसंच. चॉकलेट आणि एनर्जी बार थंडीत दाताने तुटत नाहीत. मी घरून राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाण्याचा कूट-गूळ नेला होता. राजगिरा कितीही थंडीत तोंडात सहज फुटतो. तिसऱ्या कॅम्पनंतर सगळी टीम माझ्याकडे वडी मागायची.

४३३० मीटरवरचा कॅम्प म्हणजे एक वसाहतच. शेकडो मीटर पसरलेले तंबू, रेंजरचा तळ, फळ्यावर लिहिलेलं हवामान. सकाळी ऊन येईपर्यंत कुणी बाहेर पडत नाही. इथेच आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी आजारी पडला. आधी नुसता खोकला, मग बसल्याजागी दम. बोटावरच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली. फुप्फुसात पाणी भरण्याची ही सुरुवात होती, आणि ती तब्येत बघून येत नाही. उपाय एकच, खाली जाणं. पण त्याला एकट्याला पाठवता येत नाही, आणि गाईड बरोबर दिला तर उरलेल्यांना दोनच गाईड राहतात. मुख्य गाईड त्या संध्याकाळी तंबूतंबूत फिरली. खाली निघालेल्या दुसऱ्या एका गटाच्या दोरावर तिने त्याच्यासाठी जागा मिळवली. तो रडला. तिने त्याचा स्लेज स्वतः बांधून दिला, आणि आम्ही सगळे कॅम्पच्या कडेपर्यंत त्याला सोडायला गेलो. या कंपन्या मोसमात एकमेकांच्या माणसांची अशी सोय करतात, हे मला माहीत नव्हतं. एरवी धंद्यातले प्रतिस्पर्धी, पण वर सगळ्यांचा दोर एकच.

पुढे उभ्या भिंतीवर कायमचे दोर लावलेले आहेत. जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, सरकवत आणि बुटांखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनचे लोखंडी दात रोवत कड्यावर आलो आणि पहिल्यांदा दोन्ही बाजूंना खोल दरी दिसली. सगळ्या वाटेत मला सर्वांत सुंदर वाटला तो हा कडा. ही वेस्ट बट्रेसची वाट १९५१ मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्नने शोधली. त्याची बायको बार्बरा १९४७ मध्येच दुसऱ्या वाटेने माथ्यावर गेली होती, तिथे पोहोचलेली पहिली स्त्री. त्या कड्यावर बसून मी तिचा विचार करत होते. तेव्हाची लोकर आणि कॅनव्हास अंगावर, आणि घरी तीन लहान मुलं.

५२४० मीटरच्या शेवटच्या कॅम्पवर वाऱ्याने अडकवलं. तंबूत आडवं पडायचं, भिंतीची झीज झाली की बाहेर जाऊन डागडुजी करायची, खाण्याची पाकिटं पुन्हा मोजायची. रोज संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकताना कुणी बोलत नसे. कित्येक मोसमांत डेनालीवर येणाऱ्यांपैकी निम्मेसुद्धा माथ्यावर पोहोचत नाहीत, आणि त्यातले बरेच इथून परततात. मला त्या दिवसांत जाणवलं की खालच्या कॅम्पवर शिकलेली शिस्तच इथे उपयोगी पडतेय. ज्याचे मोजे कोरडे होते, ज्याचं पोट नीट होतं, तो शांत होता.

वारा पडला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास निघालो. आधी निघून फायदा नसतो, कारण डेनाली पास या खिंडीकडे जाणारी तिरकी चढण सावलीत असते आणि पायाची बोटं गोठतात. या उताराला ऑटोबान म्हणतात, इथून घसरून पडलेल्या जर्मन गिर्यारोहकांवरून पडलेलं नाव. दर काही अंतरावर रोवलेल्या खुंट्यांमध्ये दोर अडकवत जायचं. पासवर दोन साथीदारांची पावलं अडखळायला लागली होती. मुख्य गाईड एकाला म्हणाली, "तुला अजून वर जाता येईल, ते मला दिसतंय. तिथून खाली येता येईल का, ते दिसत नाही." एक गाईड दोघांना घेऊन परत फिरला. वादावादी झाली नाही. मला तिच्याबद्दल त्या क्षणी वाटला तेवढा आदर क्वचितच कुणाबद्दल वाटला असेल.

उरलेले आम्ही सहा जण आणि दोन गाईड. फुटबॉल फील्ड नावाचं सपाट पठार, मग पिग हिलची चढण. एक पाऊल, जोरात फुंकर मारल्यासारखा श्वास बाहेर, पुन्हा एक पाऊल. शेवटचा कडा अरुंद आहे, तिथे मन पूर्ण जागं होतं. माथ्यावर वारा जवळजवळ नव्हता. फोरेकर आणि हंटर ही मोठाली शिखरं पायाखाली होती. मी खूप आनंदात होते, हे सरळ सांगते. मिठ्या मारल्या, फोटो काढले, आणि वीस मिनिटांत निघालो.

उतरताना क्रम उलटतो. थकलेली माणसं पुढे आणि गाईड सर्वांत मागे, म्हणजे कुणी घसरलं तर वरून धरता येतं. ऑटोबानवर बहुतेक अपघात उतरतानाच झाले आहेत, त्यामुळे तिथे मुख्य गाईड दर खुंटीला आमची नावं घेऊन दोर तपासायला लावत होती. रात्री साडेदहाला तंबूत पोहोचलो तेव्हा लख्ख उजेड होता. परत फिरलेल्या दोघांनी आमच्यासाठी बर्फ वितळवून सगळ्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या, सूप तयार ठेवलं होतं.

मग पुरलेलं सामान उकरत खाली. उताराला स्लेज पायात येतात, ओढण्यापेक्षा आवरणं कठीण जातं. बेस कॅम्पच्या आधीची हार्टब्रेक हिल जाताना उतार होती, येताना चढ झाली. विमानासाठी दीड दिवस थांबलो. टॉकीटनाला उतरल्यावर आंघोळीआधी रेंजर स्टेशनात गेलो, हिरवे डबे मोजून परत केले, सगळे जण सुखरूप खाली आल्याची नोंद केली. खाली पाठवलेल्या साथीदाराचा निरोप तिथेच मिळाला: उंची कमी होताच श्वास सुधारला, फुप्फुसं साफ आहेत, आणि राजगिऱ्याच्या वड्या कुठे मिळतात ते कळव.