साताऱ्याहून झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमला : अभ्यासभेटीचा वृत्तांत आणि तयारी

कासच्या पठारावरचा गेंद नेमका कुठला, सोनकीच्या आडोशाला उगवलेली ती बारकी आमरी (ऑर्किड) कोणती, हे मोबाइलमधल्या फोटोवरून दरवेळी ठरत नाही. नाव पक्कं करायचं तर जाणत्या माणसांनी पूर्वी ओळखून ठेवलेल्या नमुन्याशेजारी आपला नमुना ठेवून पाहावा लागतो. साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालयही आहे. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरांवरचे जुने नमुने पाहायचे असतील तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह, गाठावंच. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अशाच एका अभ्यासभेटीचा हा वृत्तांत, मागून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहिलेला.

कॉलेज जेझुइट पाद्र्यांनी १८६९ साली काढलं. २०१० पासून ते स्वायत्त आहे. हर्बेरियमची सुरुवात १९०६ ची. नाव ज्यांचं आहे ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे, पण मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर चार्ल्स मॅककॅन यांच्या जोडीने त्यांनी जे काम केलं ते आजही सह्याद्रीत हिंडणाऱ्याला टाळता येत नाही. ‘सेरोपेजिया पाचगणिएन्सिस’ या कंदीलपुष्पाचं नाव या दोघांनीच ठेवलेलं. पुढे याच कॉलेजात फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पती अभ्यासल्या, ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘हॅबेनेरिया पाचगणिएन्सिस’ ही आमरी सांतापाव आणि कपाडिया यांच्या नावावर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या फुलांचा एवढा इतिहास मुंबईच्या कपाटांत आहे, म्हणून तिथे मोकळ्या हाताने जाऊ नये.

पहिलं काम पत्राचं. विभागप्रमुखांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र तीन-चार आठवडे आधी पाठवा. त्यात येणाऱ्यांची नावं, विषय, पसंतीच्या दोन-तीन तारखा आणि कुठली कुळं, कुठल्या प्रजाती पाहायच्या याची यादी हवी. ‘हर्बेरियम पाहायचं आहे’ एवढंच लिहिलं तर तुमच्यासाठी कोणती कपाटं उघडायची हे तिथल्या माणसांना कळत नाही, आणि भेट नुसती दर्शनाची होते. टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्या जातीचं नाव पहिल्यांदा दिलं गेलं ते, पाहायचे असतील तर तसं वेगळं लिहा. असे नमुने निराळे जपून ठेवण्याची पद्धत असते. चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नेऊ नये. टेबलाभोवती गर्दी झाली की शीटवर, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावर, कोपर टेकतं, आणि शंभर वर्षं टिकलेली पाकळी क्षणात मोडते.

तारीख निवडताना कासचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवा. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, पण ऑगस्टमध्ये कॉलेजात ‘मल्हार’ महोत्सवाची धांदल असते, आणि पावसाळी हवेत वाळलेले नमुने उघडणं त्यांच्याही हिताचं नसतं. नमुने पुरते वाळवून, आपल्या परीने ओळखून, दिवाळीची सुट्टी संपल्यावर जावं. परीक्षांचे दिवस आधी विचारून घ्या.

कासमधून नमुना आणायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत हे पठार गेलं आहे. तिथलं एक रोपही विनापरवाना उपटू नये. परवानगीची प्रत सोबत मुंबईलाही न्या.

आता नमुन्यांबद्दल, कारण भेट फसते ती इथेच. गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन, कळी अवस्थेत आणला तर काही उपयोग नाही. जात ठरते ती नर-मादी फुलांच्या भागांवरून आणि बियांच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवरून, म्हणून पिकलेली, बी धरलेली बोंडंच हवीत. कंदीलपुष्पाचं उलट. बाहेरून दिसणारी फुलाची नळी झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये चपटी होते आणि आतला तुरा, ज्याला कोरोना म्हणतात, कागदाला चिकटून ओळखू येईनासा होतो. त्यासाठी प्रत्येक रोपामागे एक जास्तीचं फूल नव्या ब्लेडने उभं चिरून, उघडून, आतली बाजू वर ठेवून दाबावं. दुसरं अख्खं दाबावं. कंद असेल तर तो उपटून आणण्याऐवजी आकार मोजून फोटो घ्यावा, रोप पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. ‘सीतेची आसवं’ या रोपाच्या मुळापाशी असलेल्या कीटक पकडणाऱ्या पिशव्या दाबल्यावर फुटतात, त्यांचे ताजेपणीच भिंगाखाली फोटो घ्या. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्यांच्या बाटल्या सोबत नेऊ नका. ज्वलनशील पदार्थ रेल्वेत नेता येत नाही. कवल्याचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग वाळल्यावर उडतो, तो जागेवरच वहीत लिहायचा.

वही म्हणजे नमुन्याचा अर्धा जीव. ‘कास, सातारा’ एवढ्याने भागत नाही. गोळा करणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, जमीन (कातळ, डबकं की गवताळ उतार), फुलाचा रंग आणि सोबतची झाडं, हे सगळं लेबलावर हवं. कागद साधारण ४२ × २८ सेंटीमीटरचा जाड, लेबल खाली उजव्या कोपऱ्यात. सुटे पडलेले भाग कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर चिकटवा. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि निघताना झाडाचा भाग घेऊन निघते.

निघण्याआधीची एक पायरी बरेच जण गाळतात. वाळलेल्या नमुन्यांत तंबाखूच्या गोदामातही सापडणारा बारीक भुंगेरा आणि पुस्तकातली उवेसारखी कीड अंडी घालून बसते. बाहेरचा एक किडलेला गठ्ठा आत गेला तर सगळ्या कपाटांना धोका, म्हणून हर्बेरियमवाले बाहेरच्या शीट बिनतपासणीच्या आत घेत नाहीत. गठ्ठा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड शीटवर दमट हवेतलं पाणी धरतं आणि बुरशी येते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. असं केल्याचं पत्रात लिहिलंत तर परवानगीचं काम सोपं होतं.

प्रवास महालक्ष्मी एक्स्प्रेसने सोयीचा पडतो. ती साताऱ्याला मध्यरात्रीच्या आसपास येते आणि सकाळी सात-साडेसातला सीएसएमटीला पोचते. मध्यरात्रीमुळेच तिकिटाची तारीख चुकण्याचा धोका आहे: गाडी बाराच्या आधी येणार की नंतर हे वेळापत्रकात पाहून मगच आरक्षण करा. स्टेशन माहुलीकडे, गावापासून लांब, रात्री रिक्षा मिळेलच असं नाही. आधी ठरवून ठेवा. शीटचा गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून वरच्या बर्थवर आडवा ठेवावा. उभा ठेवला की नमुने घसरून खाली गोळा होतात.

सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन घ्या. कॉलेज तिथून पायी दहा-बारा मिनिटांवर. भुयारी मार्गाने महापालिकेच्या इमारतीकडे बाहेर पडायचं आणि महापालिका मार्ग धरायचा. डाव्या हाताला आझाद मैदान राहतं, कॉलेज उजव्या हाताला. मेट्रो सिनेमाचा चौक आला तर थोडे पुढे गेलात असं समजा. तसेच पुढे गेलात तरी बिघडत नाही, चौकातच कयानी आहे. बनमस्का, चहा घेऊन दहाच्या सुमाराला फाटकावर यावं. ओळखपत्र आणि परवानगीच्या ईमेलची छापील प्रत हातात असू द्या. सुरक्षारक्षकाला मोबाइल दाखवत बसण्यात वेळ जातो. कॉलेजच्या आतल्या चौकातल्या दगडी कमानी डोळे भरून पाहाव्यात, पण वर्ग चालू असतात, मोठ्याने बोलू नये.

आत गेल्यावर कपाटातली मांडणी आधी समजून घ्या. जुन्या भारतीय हर्बेरियमांत बहुधा बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाचा क्रम असतो, आजच्या पाठ्यपुस्तकातला नाही. आता आपण सेरोपेजिया करवंदाच्या कुळात, अ‍ॅपोसायनेसीत, शिकतो. जुन्या मांडणीत ती रुईच्या कुळात, अ‍ॅस्क्लेपिएडेसीत. डिपकॅडी आणि ड्रिमिया या कंद असलेल्या वनस्पती लिलिएसीत, तेही ड्रिमिया ‘अर्जिनिया’ या जुन्या नावाखाली. म्हणून घरूनच प्रत्येक जातीची जुनी नावं आणि जुनं कूळ लिहून न्या. निम्मा दिवस या एका यादीने वाचतो.

शीट हाताळण्याची रीत ठरलेली आहे. फोल्डर दोन्ही हातांनी, आडवाच उचलायचा. पुस्तकाच्या पानासारखी शीट उलटायची नाही, एकेक उचलून बाजूला सपाट ठेवायची आणि त्याच क्रमाने परत लावायची. टेबलावर पेन नको, पेन्सिलच. पाण्याची बाटली खाली. आणि हे गंभीरपणे घ्या: जुन्या काळी कीड लागू नये म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते विष आजही कागदावर असतं. बोटाला थुंकी लावायची नाही, डोळे चोळायचे नाहीत, हातमोजे आणि मास्क वापरा, जेवणाआधी साबणाने हात धुवा.

जुन्या लेबलांवर उंची फुटांत असते. ४,००० फूट म्हणजे साधारण १,२२० मीटर, जवळपास कासची उंची. गावांची स्पेलिंग जुन्या धाटणीची, त्यामुळे ओळखीचं गावही पटकन सापडत नाही. दहापट आणि वीसपट भिंग, मिलिमीटरची पट्टी, बारीक चिमटा एवढं पुरतं. चिमटा फक्त आपल्या नमुन्यासाठी. आपलं वाळकं फूल उघडून पाहायचं तर डिटर्जंटचा एक थेंब घातलेल्या गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, पाकळ्या मऊ होतात. हे काम आदल्या दिवशी घरीच करून चित्रं काढून नेलेली बरी. त्यांच्या नमुन्याचा कण काढायचा नाही, शीटवरचं पाकीटही विचारल्याशिवाय उघडायचं नाही. फोटो परवानगीनेच, फ्लॅशशिवाय, आणि चौकटीत पट्टी व लेबल दोन्ही आलेले.

एका दिवसात दहा-बारा जाती नीट होतात. त्याहून लांब यादी नेली तर सगळंच घाईत होतं, आणि घाईत लावलेलं नाव पुढे कुणाच्या तरी प्रबंधात जातं. दुपारनंतर वेळ उरला तर हेरास संस्थेचं संग्रहालय याच आवारात आहे, विचारून पाहता येतं.

परतीची महालक्ष्मी रात्री सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास सुटते आणि साताऱ्यात पहाटे उतरवते. गाडीतच वहीतल्या नोंदी पुऱ्या करा: कोणत्या शीटशी ताडलं, तिचा क्रमांक, गोळा करणारा कोण, कुठे जुळलं, कुठे नाही. घरी आल्यावर आपल्या शीटवर ओळखीची वेगळी चिठ्ठी लावा, मूळ लेबलावर खाडाखोड नको. चिठ्ठीवर नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख आणि ताडलेल्या शीटचा क्रमांक असावा; हर्बेरियमचं आंतरराष्ट्रीय लघुनाम ‘ब्लॅट’ (BLAT) तिथे लिहायला विसरू नका. एखाद्या नमुन्याची जास्तीची प्रत असेल तर ती शिवाजी विद्यापीठाच्या संग्रहात द्यावी, म्हणजे पुढच्याला पडताळायला मुंबईपर्यंत जावं लागणार नाही.