थाळनेरचे बुरूज आणि रोबेरच्या धोबिणी

अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गचित्रकार ह्यूबेर रोबेर (१७३३–१८०८) ‘भग्नावशेषांचा रोबेर’ म्हणूनच ओळखला जाई. रोममध्ये सुमारे अकरा वर्षे राहून त्याने खचलेल्या कमानी, वेलींनी वेढलेले खांब आणि तिरपे सोनेरी ऊन यांचे जे जग रंगवले, ते आम्हा खानदेशी हौशी चित्रकारांच्या कुंचल्यातही, बहुधा आमच्या नकळत, उतरले आहे. तापीकाठचा थाळनेरचा किल्ला रंगवायचा म्हटले की आम्ही संध्याकाळ निवडतो, विजेचे खांब गाळतो, बुरुजावर थोडे गवत जास्तीचे उगवतो आणि फारुकी सुलतानांच्या कबरींचे घुमट धुक्यात बुडवतो. मार्च महिन्यात आमच्याकडे धुके कुठून येते, हे विचारू नये.

या दृष्टीत मला एकच गोष्ट खटकते. पडझड ही जणू पावसापाण्याने सावकाश घडत गेली, तिला कोणी कर्ता नव्हताच, असे अशी चित्रे सुचवतात. थाळनेरला १८१८ च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने तोफा डागल्या, दरवाजापाशी झटापट झाली, शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवले गेले. हे ठाऊक असताना त्या तटावर गुलाबी छटा चढवणे मला तरी जड जाते.

रोबेरला मात्र मी या आरोपातून बराचसा वगळतो. त्याच्या अवशेषांत धोबिणी कपडे धुतात, पडक्या भिंतींना दोर बांधून ते वाळवतात, गुरे हिंडतात. प्राचीन वैभवाच्या पायथ्याशी रोजचा संसार चाललेला असतो. शिवाय ज्या लूव्रच्या संग्रहालयाच्या उभारणीत तो स्वतः गुंतला होता, त्याच लूव्रचे भव्य दालन छप्पर कोसळलेल्या अवस्थेत कल्पून त्याने १७९६ साली रंगवले आणि त्या ढिगाऱ्यात पुतळ्याचे रेखाटन करत बसलेला एक चित्रकारही दाखवला. आपल्याच डोळ्यांदेखत उभ्या राहणाऱ्या वास्तूचे उद्याचे खिंडार पाहणारी ही नजर केवळ हळवी नाही, तिच्यात चांगलाच खट्याळपणा आहे.

आम्ही त्याचे ऊन तेवढे उचलले आणि धोबिणी सोडून दिल्या. माझ्या नव्या जलरंगचित्रात मी तटाखालच्या शेळ्या, वाळत घातलेली लुगडी आणि विजेच्या तारा तशाच ठेवल्या आहेत. ‘तारा काढल्या असत्या तर दिवाणखान्यात लावता आले असते,’ असे एका स्नेह्यांनी सुचवले; त्यांना मी दुसरे, धुक्याचे चित्र दिले.