आमची वाटचाल : डब्यामागचं ‘अँट इन’

बेळगावात शहापूरकडून वडगावला जाताना आमचं दुकान लागतं. पाटीवर आता सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, डिश, फायबर असं बरंच काही लिहिलंय, तरी जुनी गिऱ्हाइकं ‘अँटेनावाले’ म्हणूनच हाक मारतात. वडिलांनी रेडिओ दुरुस्तीनं सुरुवात केली. मी हाताशी आलो तेव्हा रेडिओचं काम आटत चाललं होतं आणि घराघरांवर अॅल्युमिनियमच्या कांड्या उगवायला लागल्या होत्या. १९८४ च्या आसपास दूरदर्शननं देशभर लघुशक्ती ट्रान्समीटर बसवायचा सपाटा लावला. त्यांचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटर, फार तर पंचवीस. त्याच्या आतलं गाव असेल तर साधा अँटेना पुरे. बाहेरचं असेल तर जीआय पाईप उंच करा, बूस्टर लावा, आणि वर चढलेल्याला खालून ओरडून सांगा, “थोडं डावीकडं, आलं, आलं, गेलं की ओ!”

हे सगळीकडचंच झालं. आमच्या भागाची गोम वेगळी. जवळचं केंद्र कर्नाटकातलं, म्हणून संध्याकाळी बेंगळुरूचे कन्नड कार्यक्रम. घरात बोलणं मराठी, बाजारात दोन्ही. आजोबांना मुंबईच्या सातच्या बातम्या हव्यात, शाळेतल्या पोरांना कन्नड चालतंय, आणि दिल्लीचा कार्यक्रम सगळ्यांनाच हवा. निपाणीकडचे लोक कोल्हापूरच्या दिशेला अँटेना वळवत. उंच गच्ची आणि चांगला बूस्टर असेल तर तिकडचं चित्र मुंग्यांसकट दिसायचं. बेळगावात तेवढीही सोय नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, “काय वो, मुंबई लागंल काय?” वडील सरळ सांगत, “नाही लागणार.” मग एखादा पाहुणा कोल्हापूरहून परत आला की तिथं काय बघितलं ते तपशीलवार सांगायचा.

डिश आल्यावर हे बदललं. पहिल्यांदा सी-बँडच्या जाळीच्या डिश आल्या, आठ फुटी, बारा फुटी. त्या केबलवाल्यांना आणि एखाद्या बागायतदाराला परवडणाऱ्या. दूरदर्शनची दहा नंबरची मराठी वाहिनी, पुढे जिचं ‘सह्याद्री’ झालं, ती उपग्रहावरून मिळायला लागली आणि मराठीसाठी कोल्हापूरकडे तोंड करायची गरज संपली. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीनं ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं. आताचं ‘डीडी फ्री डिश’ ते हेच. महिन्याचं भाडं नाही, एकदा डिश आणि डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, घेतला की झालं. आमच्या दुकानाचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

बऱ्याच दुकानदारांना वाटलं, डिश आली म्हणजे अँटेना गेला. काहींनी तर डिश बसवायच्या बदल्यात जुना अँटेना काढून भंगारात न्यायला सुरुवात केली. आम्ही तसं केलं नाही, कारण डब्याच्या पाठीमागं बघायची सवय होती. त्या काळच्या फ्री-टू-एअर डब्यांच्या पाठीवर दोन गोष्टी असत. एक एलएनबीचा, म्हणजे डिशच्या तोंडासमोर बसून सिग्नल पकडणाऱ्या भागाचा, पेचाचा सॉकेट, डिशकडून येणारी वायर लावायला. दुसरी जोडी बाजूला, एकावर ‘अँट इन’, दुसऱ्यावर ‘टीव्ही आउट’. ‘अँट इन’मध्ये बहुतेक घरांत धूळ आणि मुंगळे. त्यात गच्चीवरच्या अँटेनाची वायर खोचली की अँटेनाचा सिग्नल डब्यातून आरपार जाऊन टीव्हीला मिळतो, आणि डब्याचं स्वतःचं चित्र त्याच वायरीवर वेगळ्या चॅनलला येऊन बसतं. टीव्हीला एकच वायर. रिमोटनं एका नंबरला दिल्ली आणि कन्नड, दुसऱ्या नंबरला सह्याद्री. आजोबा खूश, पोरं खूश.

ऐकायला सोपं आहे, पण अडचणी इथंच असायच्या आणि आमची कमाईही इथंच. डबा आपलं चित्र यूएचएफच्या २१ ते ६९ मधल्या एखाद्या चॅनलवर सोडतो. कंपनीनं ठेवलेला नंबर नेमका जवळच्या ट्रान्समीटरच्या किंवा केबलवाल्याच्या चॅनलवर पडला की पडद्यावर तिरप्या लाटा. गिऱ्हाईक म्हणतं अँटेना खराब झाला, शेजारचा म्हणतो डिश हलली. मेन्यूत जाऊन ‘आरएफ चॅनल’ पाच-सहा घरं पुढं सरकवलं की लाटा गायब. या कामाचे पैसे मागायला सुरुवातीला लाज वाटायची. पुढं वाटेनाशी झाली.

दुसरी भानगड लाईट गेल्यावरची. स्वस्त डब्यांमध्ये हा आरपार रस्ता विजेवर चालतो. डबा बंद तर अँटेनाही बंद. टीव्ही इन्व्हर्टरवर, डबा भिंतीच्या साध्या प्लगवर, असली घरं खूप. मग फोन, “डिश सोडा वो, दिल्लीसुद्धा लागत नाही!” डबा इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या, एवढंच उत्तर.

सगळ्यात नाजूक काम एकाच वायरीवर दोन्ही उतरवायचं. दोन मजली घर, गच्चीवरून हॉलपर्यंत एकच आरजी-६ वायर भिंतीत गाडलेली, मालक भिंत फोडू देत नाही. उपग्रहाचा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. एलएनबी तो उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो. अँटेनाचा सगळा कारभार ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झच्या आत. म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या, एका वायरीत गुण्यागोविंदानं नांदतात. वर दोन्ही सिग्नल एका वायरीत मिसळणारा एक कॉम्बायनर, खाली ते वेगळे करायला एक, बस्स. मेख अशी की डबा त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवतो. साधा दोन-तोंडी स्प्लिटर उलटा लावून काम भागवलं तर ती वीज अँटेनाच्या बलूनमध्ये शिरते. बलून म्हणजे अँटेनाच्या पेटीतलं ते दोन बोटांएवढं वेटोळं, जे ३०० ओहमचं ७५ करतं. विजेच्या दृष्टीनं ते सरळ शॉर्टच. मग डबा ‘एलएनबी शॉर्ट’ दाखवतो, नाहीतर त्याचा पुरवठा करणारा भाग जळतो. कॉम्बायनरच्या डिशच्या तोंडावर ‘डीसी पास’ लिहिलेलं असतं आणि अँटेनाच्या तोंडावर वीज अडवलेली असते. तो चार पैसे महाग पडतो. आम्ही दुसरा ठेवतच नाही. कितीतरी कामं अशी मिळाली की आधी कुणीतरी स्वस्तातला लावून गेलेला असायचा.

अँटेना ठेवण्यामागं आणखी एक कारण होतं, आणि ते खानापूर तालुक्यात कळतं. जांबोटी, कणकुंबीकडचा आषाढातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला समजावून सांगायला नको. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. आमच्या भागातून डिशचं तोंड आग्नेयेला, आकाशात साधारण ६१ अंश वर. नैऋत्येचा पाऊस डिशच्या तोंडावर सरळ न येता कुशीवर बसतो. तरीही फ्री डिशचा हा ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे केयू-बँडचा, सिग्नल मुसळधार पावसात थकतोच, कारण अडचण डिशवरच्या पाण्याची कमी आणि वाटेतल्या ढगांची, थेंबांची जास्त असते. डिजिटल चित्राचा स्वभावही तसाच. थोडं कमी झालं म्हणून थोडं खराब दिसत नाही. चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि ‘सिग्नल नाही’. अँटेनावरचं जुनं चित्र मात्र पावसाला तेवढं भ्यायचं नाही. मुंग्या यायच्या, सावली पडायची, पण बातम्या ऐकू यायच्या. रस्ता कुठं बंद झालाय, शाळेला सुट्टी आहे का, हे अशाच दिवशी हवं असतं. त्या पट्ट्यातल्या घरांना आम्ही सांगायचो, डिश मोठी घ्या, ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची, आणि अँटेनाला हात लावू नका.

एका गिऱ्हाइकाचा मुलगा अमेरिकेत. तो सुट्टीला आला तेव्हा दुकानात बसून आमचा हा उद्योग बघत होता. म्हणाला, “काका, तिकडं हे डब्यातच असतंय.” खरंच आहे. तिकडच्या डिश नेटवर्कच्या काही रिसीव्हरमध्ये अँटेनाचा ट्यूनर आतच असतो किंवा बाहेरून जोडता येतो. डायरेक्टीव्हीचा एएम२१ नावाचा जोडडबा होता. गावातली स्टेशनं अँटेनावरून येतात, पण यादीत उपग्रहाच्या वाहिन्यांच्या शेजारीच दिसतात, रेकॉर्डही होतात. टीव्हीचं इनपुट बदलायची कटकट नाही. आपल्याकडं डीटीएच कंपन्यांना तसला डबा द्यायची गरज पडली नाही, कारण दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या त्यांना नियमानं दाखवाव्याच लागतात. मला विचाराल तर पावसाळी भागासाठी तरी तो हवा होता.

मग अँटेनाचाच आवाज बंद झाला. केबलचं डिजिटल २०१७ पर्यंत खेड्यापर्यंत पोचलं, तेव्हा ‘अँट इन’मध्ये केबलची वायर खोचून जत्रेचं लोकल चॅनल बघणाऱ्यांची सोय गेली. पाठोपाठ दूरदर्शनचे अॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद झाले आणि मार्च २०२२ पर्यंत देशाच्या सीमेवरची वगैरे मोजकी सोडली तर सगळे थांबले. आम्हीही सीमाभागातलेच, पण ती सीमा वेगळी. त्याऐवजी डिजिटल अँटेनाचं, म्हणजे डीव्हीबी-टी२ चं प्रसारण येणार म्हणत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते १६ शहरांत सुरू झालं. यादीत मुंबई, बेंगळुरू, औरंगाबाद होती. बेळगाव नव्हतं. आम्ही त्या आशेवर ते प्रसारण पकडणारे थोडे डोंगल मागवले होते, ते बेंगळुरूला शिकणाऱ्या पोरांच्या हातून तिकडं खपवले.

अँटेनाची कांडी गेली तरी तिचा सॉकेट आमच्या कामात राहिला. मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. वर हॉलमध्ये अक्षता, खाली पंगत. खाली वाढणाऱ्यांना कळायला पाहिजे की मंगलाष्टकं कितव्यावर आली. कॅमेऱ्याची वायर मॉड्युलेटरला, म्हणजे चित्राचं टीव्ही चॅनल बनवणाऱ्या पेटीला, मॉड्युलेटर कॉम्बायनरला, आणि पंगतीतल्या टीव्हीच्या अँटेना सॉकेटमध्ये कार्यालयाचं स्वतःचं चॅनल. त्याच वायरीवर डिशही. देवळात गाभाऱ्याचं दर्शन मंडपातल्या टीव्हीवर दाखवायला हीच जुळणी. पूर्वी अॅनालॉग मॉड्युलेटर होता. आता एचडीएमआय घेऊन डीव्हीबी-टी सोडणारा लावतो, पण आधी टीव्हीत डिजिटल ट्यूनर आहे का ते बघतो. सगळ्यांत नसतो, आणि खोक्यावर लिहिलेलं असतंच असं नाही.

लॉजच्या खोल्यांनाही तेच. लॉजवाले मुंबईचे, गोव्याचे, हुबळीचे पाहुणे सांभाळतात, त्यांना सगळ्या भाषा हव्यात. सह्याद्री आणि दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदना आता एकाच फ्री डिशवर शेजारी येतात, एवढं मात्र सोपं झालंय. खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे येतात-जातात. मग कुणीतरी रागानं फोन करतं की तुम्ही आमचं चॅनल काढलंत. आम्ही डबा पुन्हा स्कॅन करायला सांगतो.

हल्ली टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असलेले सेट मिळतात. भारतीय मानक ब्युरोनं त्यासाठी मानकही काढलंय, आयएस १८११२. डबाच नको, डिशची वायर थेट टीव्हीला. मागं बघाल तर उपग्रहाचा एक सॉकेट, अँटेनाचा एक. मेन्यूत ‘अँटेना, केबल, सॅटेलाइट’ असं विचारतो तेव्हा बरेच जण चुकून अँटेना निवडतात आणि ‘चॅनल सापडले नाही’ म्हणून आमच्याकडं येतात. माझा मुलगा फोनवरच सांगून मोकळा होतो. पावती फाडायला लावतो ती फक्त वायर बदलायची असेल तर.