एका रांगेतले सहा

माझ्या वडिलांच्या जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकची बॉडी हर्णैच्या खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकली, तेव्हा त्या ट्रकचे एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन एका नाखव्याने विकत घेऊन आपल्या होडीत बसवले. जांभ्याचा चिरा आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढलेले ते इंजिन पुढे कितीतरी वर्षे समुद्रात चालले. पत्रा कुजतो आणि इंजिन उरते, हे मी लहानपणीच पाहिले. ते का उरते, हे मात्र गॅरेजमध्ये उघडलेला क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा, पाहिल्यावर उमगले.

या क्रँकचे हात 120 अंशांच्या अंतराने असतात. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे पिस्टन जोडीजोडीने वरखाली होतात. वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन खालच्या अर्ध्या फेरीपेक्षा अधिक वेगाने जातो आणि त्यामुळे साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात जी थरथर शिल्लक राहते, ती येथे आपापसांतच फिटते. त्यात 1-5-3-6-2-4 या क्रमाने दर 120 अंशांना एक स्फोट होतो, म्हणून जोरही अखंड मिळतो. जे इंजिन स्वतःला हादरवत नाही, त्याचे बोल्ट, नळ्या आणि बेअरिंगे उगाच झिजत नाहीत, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे मूळ येथेच आहे.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. इंग्लंडमध्ये नेपियर कंपनीने 1904 च्या सुमारास सहा सिलिंडरची मोटार बाजारात आणली, तेव्हा लांब क्रँक पिळवटून खडखडे. पुढे इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी क्रँकच्या टोकाला हा पीळ शोषणारा डँपर बसवून तो दोष आटोक्यात आणला. 1929 मध्ये शेव्हरलेने चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर देऊ केले. शेव्हरलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला होता. शेव्हरलेच्या त्या 3.2 लिटरच्या इंजिनात क्रँकला अवघी तीन बेअरिंगे होती, पिस्टन बिडाचे होते आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेल उडवत असे; तरीही ते टिकले, कारण त्याला कधी घाईने फिरावे लागले नाही. फोर्डच्या 300 घनइंची इंजिनात (1965 ते 1996) सात बेअरिंगे होती आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट साखळीऐवजी थेट दातेरी चाकांवर फिरत असे, म्हणजे तुटण्यासारखी साखळीच नव्हती.

आडवे इंजिन बसवणाऱ्या आखूड गाड्यांत ही लांबी मावेना, म्हणून पुढे व्ही-सहा, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा V आकारात असलेले इंजिन, आले. मर्सिडीज 2017 मध्ये पुन्हा सरळ सहाकडे वळली, याचा मला मनापासून आनंद झाला.

या रचनेची खरी दुखरी जागा म्हणजे सिलिंडरांवरचे लांबलचक झाकण, हेड. घाटात पाणी उकळले की ते वाकते आणि त्याखालचे, दोन सिलिंडरांमधले गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) जळते. म्हणूनच वडील घाटमाथ्यावर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करत नसत. काही मिनिटे ते संथ चालू ठेवत आणि रेडिएटरचे झाकण निवल्याशिवाय कोणाला हात लावू देत नसत. नाखव्यानेही तीच काळजी आपल्या परीने घेतली: समुद्राचे पाणी त्याने फक्त बाहेरच्या कूलरमधून फिरवले आणि ब्लॉकमध्ये शेवटपर्यंत गोडेच पाणी ठेवले.