फोटोतली उंची

गाडी आली तीच मागून डावीकडे कललेली, पाय मुरगळलेल्या माणसासारखी. 1963 ची फोक्सवॅगन बीटल. मालकांनी किल्लीच्या आधी एक जुना कृष्णधवल फोटो माझ्या हातात ठेवला. त्यात हीच गाडी, शेजारी शर्टाच्या बाह्या दुमडून उभे असलेले त्यांचे वडील, आणि गाडीचा मागचा भाग चांगला ताठ, वर उचललेला.

"मला अशीच करून हवी. शॉकअप बदला, अजून काय लागेल ते करा."

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही, हे वाक्य आता गॅरेजच्या भिंतीवरच रंगवून घ्यावं म्हणतो. तो फक्त हेलकावे आवरतो. बीटलला मागे गुंडाळीची स्प्रिंग नाही, पाटेही नाहीत. मागच्या सीटखालून एक आडवी नळी जाते. तिच्यात दोन्ही बाजूंना एकेक पोलादी कांब असते, ती टॉर्शन बार. चाक वर गेलं की कांब पिळली जाते, आणि पीळ सुटताना चाकाला खाली ढकलते. फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 मध्ये टॉर्शन बारच्या सस्पेन्शनचं पेटंट घेतलं होतं. त्या कांबेची करामत मात्र टोकांवरच्या दात्यांत आहे. आतल्या टोकाला 40 दाते, बाहेरच्या टोकाला 44. आतून एक दाता पुढे सरकवला की 9 अंश. बाहेरून एक दाता उलटा घेतला की 8 अंश 10 मिनिटं परत (60 मिनिटांचा एक अंश). हाती उरतात साधारण 50 मिनिटं, म्हणजे एक अंशही नाही, आणि चाकापाशी पाच-सहा मिलिमीटर. ना कुठे ॲडजस्टिंग बोल्ट, ना वॉशर. दोन आकड्यांच्या फरकात बसवलेलं हे माप मी इतकी वर्षं वापरतोय, तरी दर वेळी कौतुक वाटतंच.

काम मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवायची, स्प्रिंग प्लेट, म्हणजे कांबेला ॲक्सलशी जोडणारी पोलादी पट्टी, आणि ॲक्सल जिथे जुळतात तिथे छिन्नीने खूण करून ठेवायची, नाहीतर जोडताना चाकाचा टो, म्हणजे त्याचं आत-बाहेर वळलेलं असणं, बदलतो. मग कव्हरचे चार बोल्ट. प्लेट खालच्या कडेवर टेकलेली असते आणि कांबेचा सगळा जोर त्या कडेवर. ती कडेवरून सुटते तेव्हा तिथे बोटं असली तर संपलंच. मी जॅक लावतो आणि वर साखळीही बांधतो. माझ्या हाताखालच्या पोराला साखळी म्हणजे म्हाताऱ्याची भीती वाटते. वाटू दे.

मडगार्डचे बोल्ट ढिले करून डावी कांब बाहेर ओढली, तोंडावरची खूण पुसली आणि तसाच बसून राहिलो. खूण उजवीची होती. उजवीकडची काढली, तर ती डावीची. या कांबा कारखान्यातच एका दिशेने पिळून तयार केलेल्या असतात. अदलाबदल झाली की त्या उलट्या पिळल्या जातात आणि हळूहळू दम सोडतात. आधीच्या मेकॅनिकने बुश, म्हणजे प्लेटपाशी बसणारी रबरी कडी, बदलताना दोन्ही कांबा काढून शेजारी शेजारी ठेवल्या असणार, आणि मग जी हाताला लागली ती बसवली. खूण वाचायला किती वेळ लागतो?

अशा कांबा परत जागेवर घालण्यात अर्थ नव्हता. भंगारात निघालेल्या एका गाडीची चांगली जोडी मिळवली, तिच्यावर एकही ओरखडा नाही ना हे नखाने तपासलं, कारण अशी कांब ओरखड्यापासूनच तुटायला लागते. दात्यांना ग्रीस, नव्या रबरी बुशला टाल्कम पावडर. बुशला ग्रीस लावणारे महाभाग अजूनही आहेत, आणि फुगलेला बुश बघून कंपनीला शिव्या देतात. प्लेटचा कोन कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लावला. दोन्ही बाजू समान, गाडी सरळ.

मालक आले, फोटो गाडीशेजारी धरला आणि म्हणाले, "अजून वर हवी."

मी समजावलं. या गाडीचा स्विंग ॲक्सल गिअरबॉक्सपाशी हलतो, चाकापाशी सांधाच नाही. त्यामुळे इथे उंची वाढवली की चाकं तिरकी होतात, खालून आत आणि वरून बाहेर. शिवाय फक्त मागून उचलली की पुढचा कॅस्टर, म्हणजे चाकांना सरळ धरणारा पुढच्या बाजूचा कल, कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. ते म्हणाले, "मग वडील कशी चालवायचे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅरेजचे मालक बाजूलाच होते. म्हणाले, "अरे, सांगतात तर कर की." त्यांना चेंडू टोलवणं छान जमतं.

केली. दोन पायऱ्या, म्हणजे 50 मिनिटं दोनदा. मग चालवून बघितली. सरळ रस्त्यावर ठीक होती. एका लांब वळणावर ॲक्सलरेटर सोडला, तसा मागचा भाग आणखी उचलला गेला आणि बाहेरचं चाक अंगाखाली दुमडतंय असं वाटलं. वेग फार नव्हता. तरी परत येईपर्यंत मी गाणी लावली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता कोन पुन्हा पुस्तकावर आणला. संध्याकाळी चाकं चढवली, जॅक काढला, पुसापुशी करायला मागे सरलो आणि बघतच राहिलो. समोर फोटोतली गाडी उभी होती. तोच ताठ मागचा भाग.

स्विंग ॲक्सलची गाडी जॅकवरून उतरवली की लगेच बसत नाही. आत वळलेल्या चाकांना बाहेर सरकायला टायर फरशीवर घासावे लागतात, ते उभ्या उभ्या होत नाही. गाडी थोडी पुढेमागे ढकलली की मगच बसते. उंची मोजायच्या आधी गाडी ढकल, असं मी पोराला रोज ओरडतो. फोटो मोठा करून बघितला. वडिलांच्या बाह्या दुमडलेल्या, हात काळे, आणि पायाशी गवतात पालथी पडलेली व्हीलकॅप. टायर पंक्चर झाला होता. बदलून नुकतीच गाडी खाली घेतली असणार आणि कोणीतरी फोटो काढला.

हे सगळं मनात जुळेपर्यंत मालक दारात हजर. गाडीकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हीच! अगदी हीच!" गाडीशेजारी जाऊन वडिलांसारखेच उभे राहिले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी दोन फोटो काढले. पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

"थोडी बसेल हं, साहेब," एवढंच मी म्हणालो.

"बसू दे, नवी आहे ना," म्हणाले आणि आत बसले. फाटकापर्यंत जाता जाताच मागचा भाग खाली आला. ते आत होते, त्यांना दिसलं नसणार. नंतर फोन आलेला नाही, तक्रारीचाही नाही. जॉबकार्डावर उंचीच्या रकान्यात मी प्लेटचा कोन लिहिला होता, खाली सही केली. तो फोटो आमच्याकडेच राहिलाय, टूलबॉक्सच्या झाकणात. द्यायला जावं लागेल, आणि गेलो की ते व्हीलकॅपबद्दल विचारणार नाहीत हे मला माहीत आहे. मग मी सांगू का?