आधी क्लार्ककाकांना शिकवा, मग साहेबांना

ठाणे-बेलापूरच्या वकिलांच्या ऑफिसात जाऊन एआय शिकवायचं काम मी करते आणि आता माझं मत पक्कं झालंय की पहिलं ट्रेनिंग साहेबांना द्यायचंच नाही, त्यांच्या क्लार्कला द्यायचं.

साहेबांना दिलं की काय होतं सांगते. लॅपटॉप पुढ्यात ओढतात आणि पहिलीच फर्माईश, "माझ्या अशिलाच्या बाजूची सुप्रीम कोर्टाची पाच जजमेंट्स दे." चॅटजीपीटी देतं की! पक्षकारांची नावं, साल, सायटेशन (निकाल कुठल्या रिपोर्टात छापलाय तो संदर्भ), सगळं अगदी ऐटीत, आणि शोधायला गेलं की त्यातली एकदोन कुठेच सापडत नाहीत. मग एकतर साहेब "बोगस आहे हो सगळं" म्हणून विषय संपवतात, नाहीतर शोधायलाच जात नाहीत, जे जास्त वाईट. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला माता विरुद्ध एव्हिआंका या केसमध्ये वकिलांनी असले न झालेले निकाल कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड बसला, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं पण अमेरिकेतलं म्हणून सोडून देतात. म्हणून मी आपल्या मुंबई हायकोर्टाचं सांगते, २०२५ ला प्राप्तिकर अधिकाऱ्याची एक असेसमेंट ऑर्डर, म्हणजे कर ठरवणारा आदेश, रद्द झाली कारण त्यात आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. म्हणजे फसायला वकीलच असावं लागतं असंही नाही.

दुसरा खड्डा कलमांचा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला जायचो ते. आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते क्वॉशिंग, म्हणजे एफआयआर रद्द करणं, गेलं ५२८ वर. या टूल्सनी वाचलेले निकाल बहुतेक जुन्या नंबरांचे, त्यामुळे बेमालूम घोळ घालतात आणि वाचताना चटकन लक्षातही येत नाही कारण नंबर ओळखीचा वाटतो.

तर "आठवून सांग" प्रकारचं काम त्याला द्यायचं नाही, "हे घे, वाच आणि यातलंच सांग" हे द्यायचं. आणि हे दुसऱ्या प्रकारचं काम ऑफिसात कोण करतं? क्लार्क. तारखांची यादी, इंडेक्स, एक्झिबिट लावणं, मराठी कागदाचं इंग्रजी.

नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स होतं, म्हणजे बिल्डर जमीन नावावर करून देत नाही म्हणून सरकारी अधिकाऱ्याकडून करून घ्यायचं प्रकरण, फाइल ही एवढी जाड, करारनामे, प्रॉपर्टी कार्ड, ७/१२, फेरफार, बिल्डरला पाठवलेली पत्रं. क्लार्ककाकांनी सगळं स्कॅन केलं आणि एआयकडे तक्ता मागितला: तारीख, कागद कोणता, एका ओळीत काय, आणि पान नंबर. पान नंबरचा कॉलम हवाच, त्याशिवाय ताडून बघता येत नाही. तक्ता आला झकास, फक्त हाताने लिहिलेल्या फेरफाराच्या सालातला ९ त्याने १ वाचला होता. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ताई, खरेदीखताच्या आधीच फेरफार कसा होईल?" मला ते दिसलंच नसतं. साहेबांनाही नसतं, असं मी हळूच म्हणते.

फॉन्टचं दुखणं वेगळंच. वर्षानुवर्षांचे मराठी ड्राफ्ट श्रीलिपी नाहीतर कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, ते तसेच एआयमध्ये पेस्ट केले की नुसता चिवडा. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि मग जोडाक्षरं तपासा, रफारात हमखास गडबड असते. यावर कुठल्याही सेमिनारमध्ये कोणी बोलत नाही, तिथे सगळे लीगलटेकच्या भविष्यावर बोलतात.

गुप्ततेचं मात्र साहेबांशीच बोलावं लागतं. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ बघा, आधी एव्हिडन्स अ‍ॅक्टचं १२६ होतं. आणि फुकटच्या अकाउंटवर टाकलेला मजकूर, सेटिंग बंद केलं नसेल तर, ट्रेनिंगला वापरला जाऊ शकतो. म्हणून नाव, पत्ता, आधार, फोन काढायचं, वादी अ, प्रतिवादी ब. घटस्फोटाच्या आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या) फाइल्स तर मी या टूल्सजवळ येऊच देत नाही, कोणी कितीही म्हणो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. टायपिंगचे पैसे पानावर मिळतात. एका टायपिस्टने मला सरळ विचारलं, "मॅडम, हे अर्ध्या तासात झालं तर माझी पानं कोण देणार?" प्रश्न रास्त होता, आणि खरं तर बरेच क्लार्क हे शिकायला टाळाटाळ करतात ती याच कारणाने, त्यांना जमत नाही म्हणून नाही. म्हणून आता मी ट्रेनिंगची तारीख द्यायच्या आधीच साहेबांना विचारते की पैसे पानावर देणार की मॅटरवर, म्हणजे अख्ख्या प्रकरणामागे. कोर्ट नाक्याजवळच्या एका ऑफिसने मॅटरवर द्यायला सुरुवात केलीय, तपासणीचे वेगळे. बेलापूरच्या एका साहेबांनी "बघू" म्हटलंय, त्यांची तारीख मी अजून दिलेली नाही.